उंदराला नापास करण्याआधी भिंती बघा

स्मरणशक्तीच्या ज्या बाटलीवर ‘संशोधनाने सिद्ध’ असं छापलेलं असतं, त्या बाटलीमागे बरेचदा एक उंदीर पोहत असतो. या बाटल्या परीक्षांच्या मोसमात मुलांसाठी आणि उरलेलं वर्षभर म्हाताऱ्यांसाठी विकल्या जातात. गिरगावपासून लालबागपर्यंत कुठल्याही मेडिकलमध्ये त्या काउंटरवरच मांडलेल्या असतात. जाहिरातीत मेंदू असतो, पिवळा बल्ब असतो, चष्मा लावलेला गुणी मुलगा असतो. उंदीर कुठेच नसतो. आणि उंदीर ज्या खोलीत पोहला, ती खोली तर नसतेच नसते.

माझं भांडण त्या खोलीसाठी आहे. उंदराला जागा किती लक्षात राहते, याची चाचणी ही उंदीर आणि खोली या दोघांची मिळून चाचणी असते. आपण त्यातला उंदीर तेवढा उचलला आणि खोली फेकून दिली. मग डोक्यासाठी सिरप विकायला लागलो. दुसरीकडे, ज्या गल्ल्यांमध्ये आपली म्हातारी माणसं पन्नास वर्षं वावरली त्या गल्ल्या पाडल्या, आणि त्यांना रस्ता सापडेना तेव्हा त्यांनाच विसराळू ठरवलं. या दोन वेगळ्या गोष्टी वाटतात, पण त्यांच्या मुळाशी चूक एकच आहे.

हौदातला उंदीर

आधी चाचणी समजून घेऊ. रिचर्ड मॉरिस या ब्रिटिश शास्त्रज्ञानं १९८१ मध्ये ती मांडली, तेव्हा तो स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठात होता. एक मोठा गोल हौद घ्यायचा. त्यात कोमट पाणी भरायचं आणि दूध मिसळून ते गढूळ करायचं (आता दुधाऐवजी पांढरा रंगही वापरतात). पाण्याच्या पातळीच्या जरा खाली एक छोटा चौथरा ठेवायचा. तो वरून दिसत नाही. मग उंदीर सोडायचा.

उंदराला पोहता येतं, पण पाण्यात राहायला आवडत नाही. तो भिरभिरतो, कडेकडेनं फिरतो आणि केव्हातरी चौथऱ्याला धडकतो. असं दिवसातून चारेक वेळा, दर वेळी वेगळ्या बाजूनं सोडून, चार-पाच दिवस करतात. शेवटी उंदीर कुठूनही सोडला तरी काही सेकंदांत सरळ चौथऱ्याकडे जातो. त्यानंतर खरी परीक्षा. चौथरा काढून घेतात आणि उंदराला मिनिटभर पोहू देतात. त्याला जागा आठवत असेल, तर तो हौदाच्या त्याच चतकोरात घिरट्या घालत राहतो.

त्याला हे कळतं कसं? हौदात सगळीकडे सारखंच पाणी. वासाचा माग नाही, पायाचे ठसे नाहीत. उंदीर बघतो हौदाबाहेर. दाराची चौकट, भिंतीवरचं पोस्टर, कपाट, दिवा. या खुणांवरून तो आपली जागा ठरवतो. भोवती पडदा ओढून या खुणा झाकल्या, तर तोच हुशार उंदीर पुन्हा भिरभिरायला लागतो. त्याच्या मेंदूला काहीही झालेलं नसतं.

१९८२ मध्ये मॉरिस आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागाला इजा झालेल्या उंदरांना हा चौथरा शिकता येत नाही. म्हणजे मेंदू लागतोच, त्याबद्दल वाद नाही. चाचणी साधी आणि देखणी आहे. माझा राग तिच्यावर नाही. तिचा निकाल कसा वाचला जातो, त्यावर आहे.

नापास होण्याचे शंभर प्रकार

निकाल म्हणून बहुतेक वेळा एक आकडा लिहिला जातो. चौथरा सापडायला किती सेकंद लागले. कमी सेकंद म्हणजे आठवण चांगली, जास्त सेकंद म्हणजे वाईट.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमचा दिवस डॅशबोर्ड बघण्यात जातो. एखादं बटण लोकांनी किती वेळा दाबलं, यावरून फीचर आवडलं असं ठरवण्याची सवय या धंद्यात सगळ्यांनाच आहे. बटण चुकीच्या जागी असल्यामुळे अंगठा त्याच्यावर पडत होता, हे फार उशिरा कळतं. आकडा खरा असतो, त्याचा लावलेला अर्थ खोटा असतो. उंदराच्या सेकंदांचं असंच होतं.

लॅबमधल्या उंदरांच्या काही जातींमध्ये, उदाहरणार्थ सी-थ्री-एच आणि एफ-व्ही-बी या छोट्या उंदरांच्या वंशांमध्ये, डोळ्याचा पडदा जन्मजात दोषामुळे लवकरच निकामी होतो. त्या उंदराला भिंतीवरचं पोस्टर दिसतच नाही. सेकंद मात्र मोजले जातात. तपासणाऱ्यानं काळजी घेतली नाही, तर आंधळा उंदीर ‘विसराळू’ म्हणून नोंदला जातो. काही उंदीर शोधायचं सोडून नुसते तरंगत राहतात. काही घाबरून भिंत सोडत नाहीत. १९९६ मध्ये व्हिशॉ आणि टॉमी यांनी मोठे उंदीर आणि छोटे उंदीर यांची तुलना केली. पाण्याच्या चाचणीत छोटे उंदीर मागे पडले, कोरड्या जमिनीवर दोघं बरोबरीला आले. छोट्या उंदराची अडचण पाण्याशी होती, आठवणीशी नव्हती.

माणसांचाही हात आहे. खोलीत उभा असलेला प्रयोगकर्ता स्वतःच एक खूण असतो. तो रोज कपाटापाशी उभा राहत असेल आणि एके दिवशी दारापाशी गेला, तर उंदराच्या नकाशातला एक खांब हलला. २०१४ मध्ये असंही दिसलं, की पुरुषांच्या नुसत्या वासानंही उंदरांवर ताण येतो. १९९९ मध्ये अमेरिका आणि कॅनडातल्या तीन प्रयोगशाळांनी ठरवून तेच वंश, तीच उपकरणं, तेच नियम घेऊन वागणुकीच्या चाचण्या केल्या. त्यात पाण्यातली एक चाचणीही होती. तरी काही निकाल लॅबप्रमाणे वेगळे आले.

चांगल्या प्रयोगशाळा हे सगळं सांभाळतात. चौथरा पाण्यावर उघडा ठेवून उंदराला दिसतंय का ते बघतात, पोहण्याचा वेग मोजतात, खोलीतल्या खुणा जागच्या जागी ठेवतात. पण बाटलीवर जे पोचतं त्यात यातलं काहीच नसतं. तिथे पोचतात फक्त सेकंद.

धोतरा, ब्राह्मी आणि राउटर

आपल्याकडे वनस्पतींवरच्या संशोधनात एक पद्धत फार चालते. धोतऱ्यात जी विषारी द्रव्यं असतात त्यांपैकी एक म्हणजे स्कोपोलामाइन. ते उंदराला टोचलं की तो काही काळ गोंधळतो आणि शिकलेला चौथरा त्याला सापडत नाही. मग त्याला ब्राह्मीचा किंवा आणखी कशाचा तरी अर्क देतात. त्याचे सेकंद कमी झाले की निष्कर्ष निघतो: स्मरणशक्ती सुधारते.

हे म्हणजे राउटरची वायर काढायची, परत लावायची आणि नेटचा स्पीड वाढवल्याचं बिल पाठवायचं. धोतऱ्याच्या विषानं गोंधळलेला उंदीर थोडा सावरला, एवढंच इथं सिद्ध झालं. दहावीतल्या धडधाकट मुलाची आठवण वाढेल, हे यातून निघत नाही. सत्तरीतल्या बाईंचा मेंदू झिजायचा थांबेल, हेही नाही. ब्राह्मीवर माणसांमध्येही छोट्या चाचण्या झाल्या आहेत आणि काहींमध्ये थोडा फायदा दिसला आहे. म्हणजे विषय टाकाऊ नाही. पण ‘थोडा, काही आठवड्यांनंतर, काही जणांमध्ये’ हे बाटलीवर छापून खपत नाही.

मोठ्या कंपन्या आणि परदेशी लॅबचं काही वेगळं नाही. अल्झायमरसाठी २००२ ते २०१२ या काळात २४४ संयुगांच्या माणसांवर चाचण्या झाल्या. मान्यता मिळाली एकाला. माणसापर्यंत येण्याआधी अशी औषधं सहसा उंदरांच्या परीक्षा पास होऊन आलेली असतात. अपयशाची कारणं अनेक आहेत, सगळा दोष हौदाचा नाही. पण जी परीक्षा पास होऊन एवढे उमेदवार पुढच्या वर्गात नापास होतात, तिचं प्रमाणपत्र मिरवताना जरा तरी लाज वाटायला हवी.

उंदरांनी खरं काय शिकवलं

गंमत म्हणजे, उंदरांच्या शंभर वर्षांच्या संशोधनात सिरपपेक्षा फार मोठी गोष्ट सापडलेली आहे. ती विकता येत नाही, म्हणून आपल्यापर्यंत पोचत नाही.

एडवर्ड टॉलमननं १९४८ मध्ये लिहिलं, की भूलभुलैयात फिरणारा उंदीर ‘आधी डावीकडे, मग उजवीकडे’ असं पाठ करत नाही. तो डोक्यात नकाशा तयार करतो. त्याच्या आधी, १९३० मध्ये, टॉलमन आणि हॉन्झिक यांना असं दिसलं होतं, की खाण्याची लालूच न ठेवता नुसते भटकू दिलेले उंदीरही रस्ते शिकतात. नंतर खाणं ठेवलं की हे रिकामटेकडे उंदीर बघता बघता बाकीच्यांची बरोबरी करतात. टॉलमननं आणखी एक फरक सांगितला. काही नकाशे ऐसपैस असतात आणि काही निमुळते, एका पट्टीसारखे. पट्टीचा नकाशा असलेला प्राणी एका ठरलेल्या वाटेवर चालतो, वाट बंद झाली की अडकतो. नकाशा असा आक्रसण्याची त्यानं जी कारणं दिली त्यात मेंदूची इजा होती. त्याच यादीत एकच वाट घोकणं होतं, आणि भोवती पुरेशा खुणा नसणंही होतं.

आता मोबाइलवरची निळी रेघ आठवा. तो पट्टीचा नकाशाच आहे. २०२० मध्ये ५० वाहनचालकांवर एक छोटा अभ्यास झाला. आयुष्यात जीपीएस जितकं जास्त वापरलेलं, तितकी जीपीएसशिवाय वाट शोधताना आठवण कमकुवत, असं त्यात दिसलं. अभ्यास छोटा आहे, त्यावर जग उभं करू नये. पण विसराळूपणा म्हणजे म्हाताऱ्यांचं खातं, असं मानणाऱ्या आपल्या पिढीनं तो एकदा वाचावा.

लंडनमध्ये जॉन ओकीफ आणि जॉनथन दोस्त्रोव्स्की यांना १९७१ मध्ये उंदराच्या हिप्पोकॅम्पसमध्ये अशा पेशी सापडल्या, ज्या उंदीर एका ठराविक जागी आला की पेटतात. २०१४ चं नोबेल ओकीफला मिळालं, मे-ब्रिट आणि एडवर्ड मोसर यांच्यासोबत. मला भावतो तो १९८७ चा म्युलर आणि क्युबी यांचा प्रयोग. गोल भिंतीच्या रिंगणात एकच पांढरं कार्ड लावलं होतं. ते कार्ड फिरवलं, तेव्हा उंदराच्या मेंदूतल्या जागांचा नकाशाही तेवढाच फिरला. रिंगणाचा आकारच बदलला, तर पेशींनी जुना नकाशा सोडून नवाच मांडला.

भिंतीवरचं एक कार्ड हललं की डोक्यातला नकाशा हलतो. जागेची आठवण डोक्यात असते, पण तिची एक बाजू भिंतीला बांधलेली असते. संशोधन सिद्ध करतं ते हे.

परळला हे माहीत होतं

प्राण्याबरोबर त्याचं घरही मोजायचं, ही अक्कल आपल्याला परदेशातून आणायची गरज नव्हती. ती परळमध्ये होती. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. हाफकिनची प्रयोगशाळा १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली. आज तिथे हाफकिन इन्स्टिट्यूट आहे. १९०५ पासून प्लेग संशोधन आयोगानं याच आवारात काम केलं. त्यांनी मुद्दाम छोट्या खोल्या बांधल्या. काहींची छपरं अशी, की उंदीर त्यात बिनधास्त वस्ती करतील. काहींची अशी, की त्यांना थारा मिळणार नाही. आत गिनी पिग ठेवले. काही पिंजरे जमिनीजवळ ठेवले, काही पिसवांची उडी पोचणार नाही एवढ्या उंचीवर टांगले. कुठला प्राणी मरतो आणि कुठला वाचतो, ते छप्पर, उंची आणि पिसू यांवरून ठरलं.

त्याआधी लोक रोग्याला, त्याच्या जातीला, त्याच्या सवयींना दोष देत होते. परळच्या या खोल्यांनी दाखवलं, की उत्तर माणसात नाही, त्याच्या घराच्या रचनेत आहे. सव्वाशे वर्षांपूर्वी याच मैलभराच्या परिसरात खोली हा प्रयोगाचा भाग होता. आज आपण ती विसरलो. यावर कुठलं सिरप?

गिरणगावच्या भिंती

गिरणगावातल्या माणसाच्या नकाशात कार्ड कुठली होती? गिरण्यांच्या चिमण्या. पाळीचा भोंगा. मसाला गल्लीतला मिरचीचा ठसका, चिवडा गल्लीतला तळणीचा वास. ‘भारतमाता’, ‘हिंदमाता’, ‘चित्रा’ ही थिएटरं. गिरगावात ‘मॅजेस्टिक’, जिथे १९३१ मध्ये ‘आलम आरा’ लागला होता. या शहरात पत्ता सांगताना रस्त्याचं नाव कोणी घेत नाही, खूण सांगतात. ती खूण इतकी चिवट, की वस्तू गेली तरी नाव टिकतं. मुंबईतली ट्राम १९६४ मध्ये बंद झाली, तरी तिच्या टर्मिनसचं नाव ‘दादर टी.टी.’मध्ये अजून जिवंत आहे.

१९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून गेल्या. मग चाळी. त्यांच्या जागी जे उभं राहिलं त्यात एक गोष्ट कटाक्षानं पाळली आहे: काहीही वेगळं दिसू नये. ए विंग, बी विंग, सी विंग. तीच काच, तीच ग्रॅनाइटची लॉबी, तोच बेज कॉरिडॉर. नावंही धुऊन काढायची. लोअर परळला बिल्डर ‘अप्पर वरळी’ म्हणतात. हा हौदच आहे, फक्त पाण्याऐवजी व्हिट्रिफाइड टाइल्स. सगळीकडे सारखं आणि भोवती पडदा ओढलेला.

माझी आजी लालबागच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर बावन्न वर्षं राहिली. आता पुनर्विकासातल्या टॉवरमध्ये एकोणिसाव्या मजल्यावर आहे. तिथे ती दुसऱ्यांच्या दारात जाऊन कुलूप उघडायचा प्रयत्न करायला लागली, म्हणून तिला डॉक्टरांकडे नेलं. तिथे ३० गुणांची जी प्रसिद्ध चाचणी घेतात, तिच्यात एक प्रश्न असतो: आपण आत्ता कितव्या मजल्यावर आहोत? आजी म्हणाली, “लिफ्टवाल्याला विचारा की, त्यानं आणलं.” एक गुण गेला. त्याच आठवड्यात फॅमिली ग्रुपवर तीन वेगवेगळ्या सिरपांचे फोटो आले. कोणी काकांनी उंदरांवरच्या संशोधनाची लिंकही टाकली.

तिला आजार आहे का, हे ठरवणं माझं काम नाही. डॉक्टर एका आकड्यावर निदान करत नाहीत. ते पुन्हा बोलावतात, घरच्यांना विचारतात, तुलना करतात. डिमेन्शिया खरा असतो, आणि ओळखीच्या जागी वाट चुकणं हे त्याचं लवकर दिसणारं लक्षण असू शकतं. मुद्दा ‘ओळखीच्या’ या शब्दाचा आहे. एकोणिसावा मजला तिच्या ओळखीचा कधी झाला? माझ्या आईनं दाराला झेंडूचं मोठं केशरी तोरण बांधलं. त्यानंतर आजी एकदाही चुकीच्या दारात गेली नाही. म्युलर आणि क्युबींचं कार्ड ते हेच. महिन्याभरात सोसायटीची नोटीस आली. कॉरिडॉरचा ‘युनिफॉर्म लुक’ बिघडतो, तोरण काढा.

मग काय, चाळी तशाच ठेवायच्या?

हा प्रश्न येणारच, आणि तो रास्त आहे. नाही ठेवायच्या. पावसाळ्यात गळणारं छप्पर, मजल्यावर एक सार्वजनिक संडास, टेकू दिलेला जिना याचं कौतुक ज्यांना तिथं राहायचं नसतं त्यांनी करू नये. आजीला स्वतःचं न्हाणीघर हवं होतं, ते मिळालं, ती खूश आहे. मी चाळ परत मागत नाही. मी भिंतीवरचं कार्ड मागतोय.

पुनर्विकासाच्या नियमांत, ३३(७) असो की ३३(९), सगळी भाषा चटईक्षेत्राची, संमतीची आणि एफएसआयची आहे. एखादी वास्तू हेरिटेज यादीत बसली तर कधीकधी वाचते. पण कोपऱ्यावरचा पिंपळ, देवळाची पायरी, पाणपोई, पिठाच्या गिरणीकडे वळणारी वाट कुठल्याच यादीत नसते. ती जागच्या जागी ठेवायला किंवा नव्या आराखड्यात परत आणायला फारसा खर्च नाही. मजल्यागणिक वेगळा रंग द्यायला, प्रत्येक विंगला वेगळं दार द्यायला, लॉबीत एक ओळखीची वस्तू ठेवायला तर अजूनच कमी. डिमेन्शिया असलेल्या लोकांसाठी घरं बांधणारे आर्किटेक्ट हे नियम म्हणून पाळतात: प्रत्येक वळणावर वेगळी, ठळक खूण. म्हणजे ज्ञान उपलब्ध आहे. आपल्याकडे ते ‘लुक’च्या आड येतं.

दुसरा प्रश्न प्राणीमित्र विचारतील: मग हे प्रयोग करायचेच कशाला? माझं उत्तर त्यांना पूर्ण पटणार नाही. आपल्याकडे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली असा प्रयोग समितीच्या परवानगीशिवाय करता येत नाही, आणि ते बरोबरच आहे. पण एखाद्या जिवाला दिवसातून चार वेळा पाण्यात सोडायचंच असेल, तर त्यानं जे शिकवलं ते सगळं ऐकण्याची जबाबदारी आपल्यावर येते. अर्धा निकाल बाटलीत भरायचा आणि अर्धा कचऱ्यात टाकायचा, हा त्या उंदराचा दुहेरी अपमान आहे.

म्हणून पुढच्या वेळी फॅमिली ग्रुपवर ‘संशोधनाने सिद्ध’ आलं, तर तीन प्रश्न विचारा. चाचणी उंदरांवर होती की माणसांवर? उंदीर आधीच धोतऱ्याच्या विषानं बिघडवलेला होता का? आणि त्याला भिंती दिसत होत्या का? बहुतेक वेळा ग्रुपवर शांतता पसरेल. ती पसरू द्या.

आणि तुमच्या बिल्डिंगच्या पुनर्विकासाची मीटिंग असेल तेव्हा मोबाइल बाजूला ठेवून जा. पार्किंग, कॉर्पस फंड आणि जिमवर सगळे बोलतीलच. तुम्ही उठून एवढंच विचारा, की आमच्या मजल्यावरच्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला लिफ्टमधून उतरल्यावर स्वतःचं दार कशावरून ओळखायचं आहे? आर्किटेक्टकडे उत्तर नसेल, तर नकाशा परत पाठवा.